बावीस अक्षरांची चिठ्ठी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण, स्मरणिकेसाठी लिहून दिलेलं)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर 'एआयमुळे आपल्या मुलांच्या नोकऱ्या राहतील का, यावर बोल' असं तिघाचौघांनी सुचवलं. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर बोलणार आहे. तोंडं वाकडी करू नका, जेवणाला अजून तासभर अवकाश आहे.

मी डॉक्टर नाही. माझी पदवी अभियांत्रिकीची आणि जीवशास्त्राशी शाळेनंतर संबंध सुटलेला. पण गेली नऊ वर्षं मी पुण्यात ज्या गटात काम करते, तो प्रयोगशाळांसाठी मोजणीचे प्रोग्रॅम लिहितो. गाठीच्या तुकड्यातून मशीन लाखो छोटे छोटे अंश वाचून काढतं. कुठला अंश कशाचा आणि कोण किती वेळा आलं, हे आमचा प्रोग्रॅम सांगतो. त्यातला एक मोठा भाग मायक्रोआरएनए नावाच्या रेणूंच्या मोजणीचा असतो.

दुसरं कारण घरचं आहे. माझा दादा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आपल्याला चार वर्षं पुढे होता, शाळेच्या कबड्डी संघाचा कॅप्टन. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, सहा महिने केमो झाली. आज तो ठीक आहे. केमोच्या चौथ्या फेरीला सलाईन चालू असताना त्यानं मला विचारलं, "तू हेच मोजायचं काम करतेस ना? मग सांग, माझ्यातच हे का वाढलं?" त्याला मी जे टप्प्याटप्प्यानं सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

आधी आतड्याचं सांगते. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर हे शरीरातल्या सर्वांत कामसू जागांपैकी एक. त्या अस्तरातल्या पेशी साधारण चार-पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. अस्तरात बारीक बारीक खळगे असतात, त्यांच्या तळाशी मूळ पेशी बसलेल्या असतात. त्या दुभंगत राहतात, नव्या पेशी वर सरकतात, आपलं काम करतात आणि गळून पडतात. म्हणजे इथं 'वाढ' आणि 'थांब' हे दोन हुकूम रात्रंदिवस द्यावे लागतात. 'थांब' ऐकू येईनासं झालं की आधी मोड यावा तसा छोटा उंचवटा तयार होतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचा मात्र पुढे कर्करोग होतो आणि त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. ही दहा वर्षं लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

फेअरन आणि फोगेलश्टाइन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९० साली या प्रवासाचा जिना मांडला. एपीसी नावाचं जनुक बिघडतं ती पहिली पायरी. केआरएएस नावाचं जनुक 'वाढ, वाढ' म्हणत अडकून बसतं ती पुढची. पी५३ नावाचं राखणदार जनुक जातं ती त्याच्याही पुढची. पायऱ्यांचा क्रम प्रत्येक रुग्णात हाच नसतो, पण एकेक दोष साचत जातो हे खरं. आपल्या डीएनएच्या सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या पोथीत नेमक्या ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका झाल्या, असं समजा. बराच काळ कर्करोगाची गोष्ट इथेच संपत असे.

पण चूक नसलेल्या शब्दाचंही नुकसान करता येतं. तो किती वेळा वाचला जावा, हे बदलायचं. मायक्रोआरएनए इथे येतात.

आपल्या शाळेतली सूचनावही आठवा. मुख्याध्यापकांच्या खोलीत मूळ फाइल. ती बाहेर यायची नाही. हवी ती सूचना उतरवून शिपाईकाका वर्गावर्गात आणायचे, बाई ती वाचायच्या आणि मग वर्ग हलायचा. पेशीतही तसंच आहे. डीएनए ही मूळ फाइल. हवा तेवढा मजकूर उतरवून घेतात, तो संदेशवाहक आरएनए. तो वाचून प्रथिन बनतं आणि प्रथिन प्रत्यक्ष काम करतं.

आता कल्पना करा की वर्हांड्यात एक माणूस उभा आहे आणि त्याच्या हातात जेमतेम बावीस अक्षरांची चिठ्ठी आहे. येणाऱ्या प्रत्येक सूचनेचा तळ तो बघतो. तळाच्या मजकुराशी चिठ्ठीतली पहिली सात-आठ अक्षरं जुळली, की ती सूचना तो अडवतो किंवा फाडतो. मूळ फाइलला धक्का नाही, सूचना बरोबर लिहिलेली, पण वर्गापर्यंत कमी प्रती पोहोचतात. ती चिठ्ठी म्हणजे मायक्रोआरएनए आणि ती धरून उभा असलेला माणूस म्हणजे आर्गोनॉट नावाचं प्रथिन.

हे सापडलं एका किड्यात. जमिनीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा गोल किडा. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत त्या किड्याचं लिन-४ हे जनुक शोधताना लक्षात आलं, की त्यापासून प्रथिन बनतच नाही, नुसता आरएनएचा एवढासा तुकडा बनतो. त्याच वेळी गॅरी रुवकुन यांच्याकडे लिन-१४ या दुसऱ्या जनुकावर काम चालू होतं. दोघांनी आपापली अक्षरं ताडून पाहिली, तर पहिल्याचा तुकडा दुसऱ्याच्या संदेशाच्या तळाशी जुळत होता. सात वर्षं लोकांना वाटत होतं, असेल त्या किड्याचा काही विक्षिप्तपणा. २००० साली रुवकुन यांच्याकडे लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए सापडला आणि तो माशीत, माशांत आणि माणसातही निघाला. आज माणसातले शेकडो मायक्रोआरएनए माहीत आहेत. या दोघांना २०२४चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

आता हे आतड्याच्या गाठीत काय करतात ते पाहू. तीन उदाहरणं देते.

पहिलं मिर-२१. मोठ्या आतड्याच्या गाठीत तो वाढलेला असतो, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तो ज्या सूचना फाडतो त्यांत पीटेन आणि पीडीसीडी४ या दोन प्रथिनांच्या सूचना आहेत. पीटेन वाढीच्या हुकमाला लगाम घालतं, पीडीसीडी४ गाठ फोफावण्याला अटकाव करतं. चिठ्ठी जास्त, म्हणून लगाम कमी. २००८ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमधले ८४ आणि हाँगकाँगमधले ११३ रुग्ण तपासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गाठीत मिर-२१ जास्त असणाऱ्यांचं पुढचं आयुष्य कमी निघालं.

दुसरं उदाहरण मिर-१३५. एपीसी ही पहिली पायरी, असं मी म्हटलं. बहुतेक रुग्णांत ते जनुकच बिघडलेलं असतं. पण मिर-१३५ थेट एपीसीच्या सूचनाच अडवतो, हे २००८ मध्येच दाखवलं गेलं. म्हणजे पोथीत अक्षर चुकलेलं असो वा नसो, त्या पानाच्या प्रती कमी करूनही लगाम सैल होऊ शकतो.

तिसरं उदाहरण एका टोळीचं आहे. मिर-१७ ते मिर-९२ अशी सहा चिठ्ठ्यांची जुडी तेराव्या गुणसूत्रावर एकत्र असते. आतड्याच्या पुष्कळ गाठींमध्ये त्या गुणसूत्राचा हा भाग जादा प्रतींत असतो. शिवाय मिक नावाचं वाढीचं जनुक या जुडीला आणखी जोर देतं. एक गाडी पुढे ओढणारा आणि दुसरा मागून ढकलणारा, अशी जोडी जमते.

उलट बाजूची चिठ्ठीही असते. मिर-३४ हा पी५३ या राखणदाराच्या हुकमानं तयार होतो आणि वाढीच्या सूचना अडवतो. राखणदार गेला की ही चिठ्ठीही कमी होते. लेट-७ आरएएस जातीच्या जनुकांच्या सूचना आवरतो. म्हणजे मायक्रोआरएनए चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा. तो कुठल्या पेशीत, कुणाची सूचना, किती प्रमाणात अडवतोय हे विचारायचं. एकेका चिठ्ठीचा परिणाम बहुधा थोडाच असतो. पण एक चिठ्ठी शेकडो सूचनांना लागू पडते, आणि असे थोडे थोडे परिणाम एकाच दिशेनं साचले की तोल जातो.

हे सगळं ऐकून दादा म्हणाला, "मग सोपं आहे. जो वाढलाय तो कमी करायचा, जो कमी झालाय तो भरायचा." अगदी हाच विचार जगभर झाला. तो सोपा का ठरला नाही, हे आमच्या मोजणीच्या धंद्यातून कळतं.

२००३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या गाठीतले मायक्रोआरएनए पहिल्यांदा तपासले. त्यांना दिसलं की मिर-१४३ आणि मिर-१४५ हे निरोगी अस्तरात भरपूर आणि गाठीत कमी. नंतर अनेकांना तेच दिसलं. निष्कर्षही सरळ वाटला, की हे दोघे कर्करोगाला रोखतात, ते गेले म्हणून गाठ वाढली. दहा वर्षं या दोघांवर ढीगभर शोधनिबंध निघाले.

२०१४ साली अमेरिकेतल्या एका गटानं साधा प्रश्न विचारला. हे दोघे आतड्यातल्या नेमक्या कुठल्या पेशींत असतात? कर्करोग होतो अस्तराच्या पेशींना. त्यांत तर हे जवळजवळ नसतातच! ते असतात अस्तराखालच्या आधाराच्या पेशींत, म्हणजे स्नायू आणि जोडऊतींसारख्या पेशींत. निरोगी आतड्याच्या तुकड्यात आधाराच्या पेशी पुष्कळ असतात. गाठीत अस्तराच्या पेशी माजलेल्या असतात, म्हणून आधाराच्या पेशींचा वाटा घटतो. तुकडा वाटून मोजणी केली की मिर-१४३ आणि १४५ कमी दिसतात. कुठल्याही पेशीत काहीही कमी झालेलं नसलं तरी.

समजा, शाळेच्या मैदानावरच्या मुलांची सरासरी उंची आपण काढली. दहावीची मुलं घरी गेली आणि पाचवीची आली. सरासरी एकदम खाली. पण एकही मूल बुटकं झालेलं नाही. 'मुलांची उंची का घटली' यावर दहा वर्षं संशोधन केलं, तर हाती काय लागणार?

ते दोन मायक्रोआरएनए बिनकामाचे मुळीच नाहीत. त्याच अभ्यासात, हे दोन्ही काढून टाकलेल्या उंदरांच्या आतड्याला इजा झाल्यावर अस्तर नीट भरून येईना. म्हणजे काम महत्त्वाचं, पण वेगळ्या ठिकाणी बसून केलेलं. आमच्या गटात नवीन मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्या आठवड्यात मी ही गोष्ट सांगते. प्रोग्रॅम आकडा अचूक देतो. तो आकडा कोणाकोणाचा मिळून झालाय, हे माणसाला विचारावं लागतं.

आता उपचाराकडे येते. मिर-३४ कमी पडतो ना, मग बाहेरून देऊ, म्हणून त्याची नक्कल चरबीच्या सूक्ष्म कुपीत भरून शिरेतून देण्याची चाचणी २०१३ साली अमेरिकेत सुरू झाली. यकृताच्या आणि इतर अवयवांच्या गाठी असलेल्या रुग्णांवर. काही थोड्या रुग्णांत गाठ आक्रसली. पण प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रिया झाल्या, चार रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. एक चिठ्ठी शेकडो सूचनांना लागू पडते, हे तिचं बळ तसंच तिचा धोकाही. चिठ्ठी गाठीतच पोहोचवायची आणि इतर पेशींत पोहोचू द्यायची नाही, यावर अजून काम चालू आहे. तेव्हा 'मायक्रोआरएनएनं कॅन्सर बरा' असा मजकूर तुमच्या फोनवर आला, तर पुढे पाठवण्याआधी ही चाचणी आठवा.

रक्ताच्या चाचणीचंही तसंच. गाठीतले मायक्रोआरएनए रक्तात आणि शौचात उतरतात आणि तिथे टिकूनही राहतात, हे खरं आहे. मिर-२१ आणि मिर-९२ए यांवर त्यासाठी बरंच काम झालं आहे. पण रक्त काढताना सुई ओढली जाऊन तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातला मिर-९२ए नमुन्यात सांडतो आणि आकडा फुगतो. रुग्णाला काहीच झालेलं नसतं. पुन्हा तोच प्रश्न, आकडा कोणाचा? म्हणून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या नेहमीच्या तपासणीत मायक्रोआरएनएची चाचणी अजून आलेली नाही. ती येईल असं मला वाटतं, आमचं कामच त्यासाठी चालू आहे. पण तुमच्या-माझ्या पंचेचाळिशीला तिची वाट पाहायची नाही.

कारण आज हाताशी जे आहे ते साधं आहे. डोळ्यांना न दिसणारं रक्त शौचात आहे का, हे पाहणारी चाचणी असते. तिला फिट म्हणतात. ती स्वस्त आहे आणि तिला सुई लागत नाही. त्यात काही आढळलं तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतून पाहणं. आता ती दहा वर्षं आठवा. पॉलिप दिसला तर तो त्याच वेळी काढता येतो आणि कर्करोग होण्याआधीच तो जिना मोडता येतो. अमेरिकेत ही तपासणी सुरू करण्याचं वय २०२१ मध्ये ५०वरून ४५वर आणलं, कारण तिथे तरुणांमध्ये हा रोग वाढतो आहे. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, मोठं आतडं नाही. त्यामुळे विचारणं आपल्यावर आहे.

भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानानं कमी आहे, हे खरंच आहे. पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१३-१४च्या सुमारे वर्षभरात आलेल्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी वय ४७ निघालं. माझ्याच नियमानं विचारते, हा आकडा कोणाचा? आपला देश तरुण आहे आणि मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचणारे रुग्णही निवडक असतात, त्यामुळे सरासरी खाली येणारच. तरी एवढं नक्की उरतं की हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार नाही. या सभागृहात बसलेल्या आपल्या सगळ्यांचं वय त्या आकड्याच्या दोन-तीन वर्षं अलीकडे-पलीकडे आहे.

त्याच आढाव्यात निम्म्याहून जास्त रुग्णांची तक्रार शौचावाटे रक्त जाण्याची होती. दादाचंही तेच होतं. दहा महिने त्याला मूळव्याधीचं औषध चालू होतं. आधी मलम, मग चूर्ण, मग दुसरं मलम. त्या दहा महिन्यांत एकदाही बोटानं किंवा दुर्बिणीनं आतून तपासणी झाली नाही. मूळव्याधीचंही रक्त लाल आणि गाठीचंही लाल, पाहिल्याशिवाय फरक कसा कळणार? शस्त्रक्रियेच्या वेळी रोग लसिकाग्रंथींपर्यंत गेलेला होता.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला असं दिलं. "तुझ्यातच का, याला एक कारण नाही दादा. अस्तराच्या पेशी रोज लाखोंनी बनतात. कधीतरी नक्कल करताना अक्षर चुकतं, कधी चिठ्ठ्यांचा तोल जातो, आणि वर्षानुवर्षं ते साचतं. खाणंपिणं, तंबाखू, दारू, वजन यांनी धोका कमीजास्त होतो, पण काटेकोर राहणाऱ्यालाही होतो. तू मिसळ खाल्लीस म्हणून झालं नाही." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मिसळीवरचा आरोप उठला म्हणायचा!"

सख्ख्या भावंडाला किंवा आईवडिलांना हा रोग झाला असेल, तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. अशा माणसानं चाळिशीत, किंवा नातेवाईकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी असं सांगतात. माझी दादाच्या निदानानंतर दोन महिन्यांनी झाली. आदल्या दिवशीचं पोट साफ करण्याचं औषध हा त्यातला सर्वांत वाईट भाग, बाकी मला काहीच आठवत नाही, कारण झोपेचं इंजेक्शन देतात. एक पॉलिप सापडला, सहा मिलिमीटरचा. तो तिथेच काढला. तपासणीत तो निरुपद्रवी पण पुढे बदलू शकणाऱ्या जातीचा निघाला. आता ठरलेल्या मुदतीनं पुन्हा दुर्बीण घालून पाहायचं आहे.

त्या सहा मिलिमीटरच्या तुकड्यात मिर-२१ किती होता, हे कोणी मोजलं नाही. मोजायची गरजही पडली नाही.

विज्ञानाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्ही उत्तराखाली लाल शाईनं 'एकक कुठे?' असं लिहायचात. आकडा बरोबर असला तरी अर्धा गुण जायचा. आज मी माझ्या गटातल्या मुलांना तेच विचारते, फक्त शब्द बदललेत. आकडा कोणाचा?

मित्रमैत्रिणींनो, शेवटची दोन वाक्यं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं या महिन्यात आपल्या डॉक्टरांना फिटबद्दल विचारावं. आणि ज्यांना शौचावाटे रक्त जातंय, वजन विनाकारण उतरतंय किंवा पोटाची सवय बदलून तीन-चार आठवडे झालेत, त्यांनी आपल्या बॅचच्या ग्रुपवर औषध न विचारता डॉक्टरांकडे जावं आणि 'आतून तपासा' असं स्वतःहून म्हणावं.